दोन खणांचा तबेला

डॉक्टरबाईंनी एकतीस वर्षं लोकांचे दात काढले, भरले, घासून दिले. ज्या दिवशी दवाखान्याची पाटी उतरवली त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आता आपल्यासमोर तोंड उघडणारं कोणी उरलं नाही. हा विनोद त्यांनी स्वतःशीच केला आणि स्वतःच थोडं हसल्या. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. लग्नाच्या फंदात त्या पडल्या नव्हत्या. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात, तिचा संसार तिला; दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन. बाकी राहिली ती तांबडी.

तांबडी म्हणजे घोडी. शहराच्या कडेला घोडेस्वारी शिकवणारा एक क्लब होता. चाळिशी उलटल्यावर पाठीचं दुखणं जावं म्हणून बाई तिथे जायला लागल्या. पाठ काही सुधारली नाही, पण घोडीचा लळा लागला. वय झालं म्हणून क्लब तिला काढून टाकायला निघाला, तेव्हा बाईंनी तिला मागून घेतलं आणि तिथेच ठेवलं. आता क्लबच बंद होत होता, जागेवर इमारती उभ्या राहायच्या होत्या. चोवीस वर्षांची, एक पुढचा दात तुटलेली घोडी ठेवून घ्यायला दुसरा कुठलाच तबेला तयार नव्हता.

"लोक स्वतःसाठी घर बघतात, तू घोडीसाठी बघतेयस," बहीण फोनवर म्हणाली. "ताई, या वयात हे काय खूळ?"

"कोणाच्या वयात? माझ्या की तिच्या?"

"दोघींच्या!"

एजंटने अकरा जागा दाखवल्या. बाराव्या वेळी तो त्यांना बसच्या शेवटच्या थांब्यापुढे घेऊन गेला. दोन वळणं, मग सात बंगल्यांची एक सरळ गल्ली. शेवटच्या बंगल्यामागे पाऊण एकर मोकळं मैदान होतं, त्याला लाकडी कुंपण आणि एका कोपऱ्यात दोन खणांचा तबेला. घर दीड वर्षं बंद होतं. बाईंनी घर पाच मिनिटांत बघितलं आणि तबेल्याला तास लावला. फरशीचा उतार बरोबर नाल्याकडे होता. हवा खेळती होती. पाण्याचं टाकं घोड्याच्या छातीइतक्या उंचीवर, कुंपणाला काटेरी तार कुठेच नाही. ज्याने बांधलं होतं त्याला घोडा कळत होता.

"मैदानात झाड मात्र एकही नाही," त्या म्हणाल्या.

"लावा की, मॅडम. पाच-सहा वर्षांत सावली."

"पाच-सहा वर्षांत घोडी असेल का, तेही सांगून टाका."

दोन खणांच्या मधे छातीइतकी उंच फळी होती आणि तिची वरची कड कुरतडलेली होती. रिकामा बसलेला घोडा लाकूड चावतो, त्यात नवल नव्हतं. फक्त दुसऱ्या खणाच्या बाजूने लाकूड आतून पिवळंधमक दिसत होतं, कालपरवा सोलल्यासारखं. दीड वर्षांत ते काळं पडायला हवं होतं. घुशी असतील, असं मनाशी म्हणून बाई बाहेर आल्या. आधीच्या मालकाबद्दल एजंटला काहीच ठाऊक नव्हतं. सगळा व्यवहार वकिलामार्फत झाला. दोन महिन्यांनी किल्ल्या हातात आल्या.

सामान उतरवलं त्या दिवशी पलीकडच्या बंगल्यातल्या काकूंनी वरच्या मजल्याच्या खिडकीतून हात केला. सत्तरी ओलांडलेली, लोकर घेऊन दिवसभर त्या खिडकीत बसणारी बाई. त्यांच्या खिडकीतून सगळं मैदान दिसायचं.

"बरं झालं हो आलात," त्या वरून म्हणाल्या. "एकटं होतं बिचारं."

बाईंना वाटलं, घराबद्दल बोलतायत. त्यांनी मान डोलावली.

पहिले तीन दिवस तांबडीने आकाश डोक्यावर घेतलं. क्लबात ती वीस घोड्यांत वाढलेली, इथे चहूकडे फक्त कुंपण. कडेकडेने पळायची, थांबायची, मान वर करून खिंकाळायची, कान टवकारून उत्तराची वाट बघायची आणि पुन्हा पळायची. तिचा आवाज बसला, तोंडाला फेस आला. बाई गाजरं घेऊन मागे मागे फिरल्या, मानेवर हात फिरवून बोलल्या. घोडी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आवाज बंद झाला. बाई हातातला कप तसाच ठेवून धावल्या. तांबडी मैदानाच्या मधोमध उभी होती. कान पुढे, अंग सैल. बाई जवळ गेल्या तेव्हा तिने नाकातून हळूच फुरफुर केली, ओळखीच्याशी करतात तशी. पण ती बाईंकडे बघत नव्हती.

रुळली एकदाची, असं बाईंनी रविवारी बहिणीला सांगितलं.

त्यानंतरच्या गोष्टी इतक्या बारीक होत्या, की घोडा न कळणाऱ्याला दिसल्याच नसत्या. तांबडी हावरी होती. क्लबात शेजारच्या घोड्याचं गवत ओढून खायची. इथे मात्र ती गव्हाणीतलं डावीकडचं अर्धं गवत चाटूनपुसून संपवायची आणि उजवीकडच्या अर्ध्याला तोंड लावायची नाही. टाक्यावर पाणी पिऊन झालं, की दोन पावलं मागे सरकून उगाच उभी राहायची. खणाचं दार उघडलं, की अंग चोरून एका बाजूने बाहेर पडायची.

मग माशा. दुपारी मैदानात माशांचा सुकाळ असायचा. बाईंना स्वतःच्या तोंडावरून हात काढता येत नसे. दोन घोडे असले, की ते उलटसुलट तोंडं करून चिकटून उभे राहतात, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोळ्यांवरच्या माशा वारतं. तांबडी रोज दुपारी एकाच जागी, किंचित तिरकी, एकटी उभी राहायची आणि आपलं शेपूट बरोबर एका अंतरावर, एका उंचीवर झटकायची. तिथे काहीच नव्हतं. बाईंनी जवळ जाऊन तिचे डोळे बघितले. कडा कोरड्या आणि स्वच्छ होत्या. तोंडावर एक माशी नव्हती.

दुसऱ्या महिन्यात एके दुपारी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर तांबडी मैदानात आडवी. चारही पाय लांब, मान जमिनीवर टाकलेली. पोटशूळ असणार, या वयात त्यातून घोडा उठत नाही. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते वीस मिनिटांत आले, पेटी घेऊन कुंपणापर्यंत धावले आणि तिथेच थांबले.

"अहो, झोपलीय ती," ते हळू आवाजात म्हणाले. "घोरतेय, ऐका."

खरंच घोरत होती.

"अशी मी तिला कधी बघितली नाही," बाई म्हणाल्या. "सोळा वर्षांत नाही."

"कशी बघणार? घोडा उभ्याउभ्या डुलक्या काढतो. असा सपशेल आडवा तेव्हाच होतो, जेव्हा दुसरा कोणी उभा राहून राखण करत असतो. एकटं जनावर झोपत नाही असं. चांगली जोडी जमलीय तुमच्याकडे. दुसरा कुठाय?"

"दुसरा नाहीये."

म्हातारपणी सवयी बदलतात, असं काहीसं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात तांबडी जागी होऊन उठली आणि तबेल्याकडे निघाली. डॉक्टरांनी पुढे होऊन तिच्यासाठी तबेल्याचं फाटक उघडून धरलं. ती आत गेली. ते फाटक तसंच धरून उभे राहिले, क्षण, दोन क्षण. मग दचकल्यासारखे झाले, कडी लावली आणि पेटी उचलून गेले.

बाई विज्ञान शिकलेल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी दाताळं घेऊन तबेल्यापुढची माती सगळी सारखी केली. संध्याकाळी बघितलं, तर तांबडीच्या खुरांशिवाय एकही खूण नव्हती. त्यांना हायसं वाटलं. आठवडाभर त्यांनी हेच केलं, आठवडाभर तेच दिसलं. मग त्यांनी माती सारखी करणं सोडून दिलं.

आणि त्याच शनिवारी, खरारा करताना, आयाळ जिथे संपते तिथे, खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर त्यांना केस ओले लागले. केस भोवऱ्यासारखे फिरलेले होते आणि त्याखाली कातडीवर फिकट वळ. घोडे एकमेकांना तिथे दातांनी खाजवतात. स्वतःचं तोंड स्वतःला तिथे पोहोचत नाही.

बाई आत जाऊन चष्मा, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन आल्या. हात थरथरत नव्हता. समोर दातांचं काम असलं, की त्यांचा हात कधीच थरथरत नसे. वरचे सहा. अर्धगोल, सलग, कुठेही फट नाही. कडा सरळ उभ्या, झिजलेल्या नाहीत. तांबडीच्या वयाला ही कमान चेपून निमुळती होते. ही तशी नव्हती. हे पाच-सहा वर्षांचं, भरल्या अंगाचं जनावर होतं, आणि त्याचे दात उत्तम होते.

दवाखान्यातले कोरे केसपेपर अजून कपाटात पडले होते. बाईंनी एक काढला आणि सवयीने सगळं नीट लिहून ठेवलं, तारखेसकट. नावाची जागा कोरी सोडली.

त्या रविवारी बहिणीशी बोलताना त्यांची नजर मैदानाकडे गेली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"ताई? आहेस ना?"

"आहे. तांबडी आजकाल हाकेला येत नाही गं."

"म्हातारी झाली. ऐकू कमी येत असेल."

"ऐकू येतं तिला," बाई म्हणाल्या. "कान वळतात. मग ती दुसरीकडे बघते, विचारल्यासारखं. आणि येत नाही."

"विचारल्यासारखं? कोणाला?"

बाईंनी विषय बदलला. भीती वाटत होती का, तर नाही. वाटत होतं ते निराळंच, आणि ते कबूल करायची त्यांना लाज वाटत होती. सोळा वर्षं ज्या घोडीच्या गळ्यात पडून त्या रडल्या, हसल्या, तिला आता त्यांची गरज उरली नव्हती. गाजर हातातून घ्यायची, ते नुसती रीत म्हणून. दुपारी दोघं मैदानात उभी असत आणि बाई कुंपणाबाहेर. दोघं, असा शब्द आपण मनात वापरला, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

एकदा त्यांनी तिला दोरी लावून गल्लीत फिरायला नेलं. चार वाजले होते, स्वच्छ ऊन होतं. फाटकाबाहेर तांबडी थांबली, मागे बघत उभी राहिली आणि मग आपणहून चालू लागली. समोरून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरने समजूतदारपणे तो बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं. बाई घोडीला घेऊन पुढे गेल्या, हात वर करून आभार मानले. पंधरा-वीस पावलं गेल्यावर त्यांनी वळून बघितलं. टँकर अजून तिथेच. ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून, त्यांच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत थांबला होता. कोणीतरी अंगावरून जावं तशी त्याची नजर हळूहळू सरकली. मग त्याने इंजिन सुरू केलं.



पाचव्या महिन्यात तांबडी गेली. नेहमीसारखी दुपारी आडवी झाली होती. बाईंनी खिडकीतून बघितलं, चहा केला, पुस्तकाची दहा पानं वाचली, पुन्हा बघितलं. तेव्हा त्यांना कळलं. त्या जाऊन तिच्या मानेपाशी बसल्या. दोन तास ती भर उन्हात पडलेली होती. तांबूस अंग तव्यासारखं तापायला हवं होतं. बाईंनी हात ठेवला, तर कातडी गार. मेल्या अंगाचा गारवा त्यांना आईमुळे ठाऊक होता. हा तसा नव्हता. सावलीतल्या दगडाला असतो तसा होता.

ट्रक आला, माणसं आली, तांबडीला घेऊन गेली. बहीण फोनवर रडली. मग सावरून म्हणाली, "आता तिथे तुझं काय आहे? इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे." एजंटही तयार होता, एका गिऱ्हाइकाला तबेला पाडून तिथे गाड्या लावायच्या होत्या. शनिवारची गाडी ठरली. बहीण स्टेशनवर घ्यायला येणार होती. बाईंनी पुस्तकं खोक्यांत भरली, भांडी कागदांत गुंडाळली. मैदानाकडच्या खिडकीचा पडदा त्यांनी ओढून घेतला.

शुक्रवारी अकराला दारावरची बेल वाजली. काकू होत्या. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच जिना उतरून आल्या होत्या. डोळे सुजलेले, केस न विंचरलेले.

"काहीतरी करा हो," त्या म्हणाल्या. "ऐकवत नाही आता."

"काय ऐकवत नाही?"

"तीन दिवस झाले. कडेकडेने पळतोय नि खिंकाळतोय. आवाज बसलाय त्याचा. मी खिडकी लावून घेतली, कानात कापूस घातला. तरी येतोच."

बाईंनी कान दिला. लांब बस वळली. कुठेतरी नळ गळत होता. बाकी काही नाही.

"काकू, मला काहीच ऐकू येत नाहीये."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या खिडकीकडे तोंड करून तर उभा राहतो."

काकू गेल्यावर बाई बराच वेळ दारातच उभ्या होत्या. मग मागचं दार उघडून त्या मैदानाच्या फाटकाशी गेल्या.

वारा अजिबात नव्हता. कुंडीतल्या झेंडूचं पानसुद्धा हलत नव्हतं. कुंपणाच्या कडेने मात्र धूळ उडालेली होती, पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत, आणि ती हळूहळू खाली बसत होती.

बाईंनी कडी काढली.

आई गेल्यापासून त्यांना कोणी हाक मारली नव्हती. लोक फोन करत. बेल वाजवत. आतल्या खोलीतून कोणीतरी नुसतं नाव घ्यावं आणि आपण हातातलं टाकून जावं, असं अडीच-तीन वर्षांत झालं नव्हतं. इथे तीन दिवस कोणीतरी घसा फुटेपर्यंत हाका मारत होतं आणि त्या पडदा ओढून भांडी गुंडाळत होत्या.

त्या मैदानाच्या मधोमध गेल्या. तांबडी झोपायची तिथे जमीन अजून थोडी खोलगट होती.

"आले," त्या म्हणाल्या. मग थोडं मोठ्याने पुन्हा म्हणाल्या. "आले रे."

गुडघे धरत त्या खाली बसल्या. मग कुशीवर झाल्या. मग पाठीवर, हात-पाय सैल सोडून.

घरात फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला.

माती गरम होती. आभाळ पांढरं पडलं होतं. बाईंनी डोळे मिटले.

पापण्यांवर ऊन होतं, लालभडक.

मग नव्हतं.

पलीकडच्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर, काकूंनी खिडकी उघडली.